नडगीचा खालचा भाग

११ फेब्रुवारी

प्रयोगाची परवानगी आली. मेंढ्या झाल्या, आता माणसं.

सांगायला सुतार स्वतः तळघरातल्या माझ्या प्रयोगशाळेत आले. सुतार म्हणजे आमचे हाडांचे सर्जन. दिवसभर हातोडी, छिन्नी आणि स्क्रू घेऊन ठोकाठोक चाललेली असते म्हणून अख्खं हॉस्पिटल त्यांना सुतार म्हणतं, तोंडावरसुद्धा. म्हणाले, "बाई, तुमची शेती पिकली." मी त्यांना चहा पाजला, बीकरमध्ये. माझा कप कुणीतरी पळवलाय.

आनंदाने झोप येणार नाही, तेव्हा काय केलं ते लिहूनच ठेवते. हाड म्हणजे नुसता दगड नव्हे. त्यात कोलॅजनचे मऊ धागे असतात आणि धाग्यांच्या पोटात कॅल्शियम-फॉस्फेटचे इवलेसे स्फटिक, सगळे धाग्याच्या दिशेने झोपलेले. म्हणून हाड ओझं पेलतं आणि जरासं लवतंही. आम्ही प्रयोगशाळेत धागे क्षाराच्या पाण्यात बुडवले की स्फटिक धरायचे, पण बाहेरून, जुन्या नळाला क्षार धरतो तसे. वाकवलं की कटकन मोडायचं. मग त्या पाण्यात एक आम्लधर्मी प्रथिन घातलं, अगदी चिमूटभर. ते क्षाराला घाई करू देत नाही, पातळ ठेवतं. तेवढ्या सवडीत तो धाग्यात झिरपतो, आणि आत गेल्यावर धागाच त्याला शिस्त लावतो. पहिला तुकडा वाकला आणि मोडला नाही, त्या दिवशी मी तळघरात एकटीच नाचले होते. आता तसल्या तुकड्यांनी फ्रिज भरलाय.

घरी आल्या आल्या टिल्लूला सांगितलं. त्याने मला उचलून गरागरा फिरवलं. हा सहा फुटांच्या वर वाढलेला माणूस, दारातून वाकून यावं लागतं त्याला, आणि हाक अजून टिल्लू! आई गेली तेव्हा माझ्या कमरेएवढा होता. तेव्हापासून बहीणही मीच, आईही मीच, आणि कान उपटायला बापही मीच. त्याचीही बातमी आहे. गोदीतल्या कंत्राटदाराकडे सुपरवायझर म्हणून लागला. "काय करायचं असतं रे?" तर म्हणतो, "माणसं हाताळायची, ताई." बरं झालं. मला मेलीला माणसं कधी हाताळताच आली नाहीत.

२३ फेब्रुवारी

गोदी बंद, कामगार संपावर. कंत्राटदाराने बाहेरची माणसं आणून जहाजं रिकामी करायला घेतली, संपवाल्यांनी ट्रक अडवले, आणि दुपारपासून आमच्या दारात रक्त. हॉस्पिटल गोदीच्याच रस्त्यावर, त्यामुळे दोन्हीकडचे फुटलेले आमच्याकडेच येतात. एकाचा जबडा असा सरकला होता की तो रडतोय की हसतोय तेच कळेना. एकाच्या डोळ्यात काच. पोलिसांनी सोडलेला अश्रुधूर वाऱ्याबरोबर सरळ बाळंतिणींच्या वॉर्डात शिरला. सिस्टर ओल्या चादरी घेऊन धावत होत्या आणि असल्या शिव्या देत होत्या की मला नवीन शिकायला मिळाल्या.

टिल्लूच्या शर्टाची बाही खांद्यापासून फाटलेली. गर्दीत सापडलो, म्हणाला. उजवा खांदा भरून आला होता. मलम चोळून दिलं. लहानपणी मला चिडवणाऱ्या पोराचा हात याने असाच पिरगाळून मोडला होता. त्याची आठवण निघाली, दोघं हसलो.

४ मार्च

संपाच्या दोन पुढाऱ्यांना काल कामगार वसाहतीतून उचलून नेलं. पद्धत अशी. डोळ्यांवर फडकं, पाय समोरच्या खुर्चीवर, घोटा दोरीने बांधलेला, आणि नडगीच्या मधोमध पहार. एकाला एक घाव, दुसऱ्याला दोन. मग गाडीत घालून आमच्याच फाटकाशी आणून टाकलं. "सेवा बाकी घरपोच आहे," त्यांतला एक म्हणाला आणि बेशुद्ध झाला.

दोघांचा माझ्या कामाला उपयोग नाही. मधलं हाड, भोवती मांस आहे, रक्त आहे, सळई घातली की आपोआप सांधेल. हे मी जेवताना टिल्लूला सांगितलं तेव्हा माझा आवाज जरा तक्रारीचा होता खरा. परवानगी हातात घेऊन बसलेय आणि माणूस मिळत नाही, ही काय तऱ्हा!

"मग कसं मोडलेलं लागतं तुला?" त्याने विचारलं.

मी त्याचीच पँट वर सारून दाखवलं. "हे बघ. घोट्याच्या वर चार बोटं. इथे मांसच नाही, कातडीखाली लगेच हाड. रक्तही कमी पोचतं. इथे चुरा झाला, तुकडे बाहेर पडले, की महिनोन् महिने भरत नाही. तिथे माझा तुकडा बसवायचा."

"घोट्याच्या वर चार बोटं," तो म्हणाला.

"शाळेत एवढं लक्ष दिलं असतंस तर आज तूच सुतार झाला असतास."

फार हसला. मग ताटं त्यानेच घासली.

१० मार्च

मिळाला.

क्रेनवाला आहे, गोदीतली सगळ्यात उंच क्रेन चालवणारा. संपात पहिल्यांदा क्रेन त्यानेच बंद केली. डाव्या पायाची नडगी खालच्या भागात फुटलेली, कातडी उसवलेली, हाडाचे तीन-चार तुकडे त्याला जिथे नेऊन मारलं त्या गाळ्याच्या जमिनीवरच राहिलेले. सुतारांनी जखम धुतली, बाहेरून सळ्यांची चौकट बसवली आणि मला म्हणाले, "घ्या. पुस्तकात काढल्यासारखा." जखम स्वच्छ राहिली तर पुढच्या महिन्यात माझा तुकडा आत जाईल.

तो माणूस दात-ओठ खात पडला होता, त्याची बायको त्याच्या कपाळाला कपाळ लावून बसली होती, आणि मी दारात उभी राहून मनात मोजमापं घेत होते. मला आनंद झाला. तो झाला नाही असं लिहिलं तर खोटं होईल.

टिल्लूने दारातच विचारलं, "मग? मिळालं का कुणी?" माझ्या चेहऱ्यावरून याला सगळं कसं कळतं देव जाणे. मी हो म्हटल्यावर मिठाईच आणली त्याने.

८ एप्रिल

तुकडा बसला. मी ऑपरेशनच्या खोलीत होते, टोपी-बिपी घालून. सुतारांनी कानशीने दोन्ही टोकं घासली, तुकडा खाचेत घातला आणि अंगठ्याने दाबला. "बसतोय बघा कसा, चौकटीत दार बसावं तसा." मग मागे न बघताच म्हणाले, "रडायचं असेल तर बाहेर जाऊन रडा, इथे सगळं निर्जंतुक आहे."

शुद्धीवर आल्यावर क्रेनवाला म्हणाला, "हाडवाल्या बाई तुम्हीच का? कुणाचं हाड घातलंत?"

"कुणाचंच नाही. बरणीत वाढवलंय."

"म्हणजे लोणचं," त्याची बायको म्हणाली. ती हसली नाही. तिला माझा राग आहे असं वाटतं. मी पायाकडे बघते, माणसाकडे बघत नाही, असं सिस्टरला म्हणाली.

२१ एप्रिल

गोदीतला एक वेल्डर गेला. पोरगेलासा होता, नुकतं लग्न झालेलं. परवा आणला, तोच प्रकार, खालचाच भाग, पण दोन्ही पाय. काल ठीक होता. आज सकाळी श्वास लागला, छातीवर बारीक लाल ठिपके उमटले, नजर फिरली, दुपारी संपला. हाडातली चरबी रक्तात मिसळून फुप्फुसांत अडकते, मेंदूत जाते. सुतारांनी भिंतीवर लाथ मारली. त्याच्या बायकोने काचेचं दार डोक्याने फोडलं. तिलाच टाके घालावे लागले.

रात्री जेवताना टिल्लूला सांगितलं तर त्याचा घास हातातच राहिला.

"पायावर मारून कुणी मरतं का?"

"मेला ना."

"पण पायावरच मारलं होतं!" ओरडलाच माझ्यावर. मग उठून मोरीत गेला. ओकत होता. बाहेर येऊन कपाटाच्या दारावर मूठ मारली, फळी आरपार. बोटं सोललेली. मी बर्फ लावला. एवढ्या मोठ्या देहात इतकं हळवं मन आहे. मी याला फार सांगते घरी आल्यावर, सांगू नये.

९ मे

सुतार आज गंभीर होते. एक्स-रे ओळीने लावले उजेडाच्या पेटीवर. सुरुवातीचे सगळे मधोमध. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासूनचे सगळे खाली, घोट्याच्या वर, एकाच जागी. "कुणीतरी अभ्यास केलाय," ते म्हणाले. "जिथे भरत नाही तिथे मारतात. हे गुंडाचं डोकं नाही."

इन्स्पेक्टर आला होता. जाडा, घामाघूम, पण डोळा तीक्ष्ण. "तुमच्यापैकी कुणी बाहेर काही बोललं का?" मी भडकले. म्हटलं, आम्ही इथे हाडं जोडतो, आणि तुम्हाला आमच्यावरच संशय? त्याने माफी मागितली.

घरी सांगितलं. टिल्लूने टीव्हीचा आवाज वाढवला. त्याला कंटाळा आला असणार माझ्या त्याच त्या गोष्टींचा.

क्रेनवाल्याच्या पायाचं मात्र छान आहे. तुकड्याच्या कडेला ढगासारखं नवं हाड धरायला लागलंय. त्याचं स्वतःचं!

२२ जून

उभा राहिला! कुबड्या घेऊन, पण डाव्या पायावर भार टाकून. बायकोने दोन्ही हात पुढे धरले होते, लहान मुलाला चालायला शिकवावं तसे. तो म्हणाला, "बाजूला हो गं, क्रेन पडली तर खाली कुणी असू नये." वॉर्डात सगळे हसले. तीसुद्धा. मग एकदम रडायला लागली आणि माझा हात धरून म्हणाली, "बाई, मी तुम्हाला वाईटसाईट बोलले." मला कसनुसं झालं.

संध्याकाळी तो मला म्हणाला की त्याने पोलिसांना जबानी द्यायची ठरवली आहे. डोळ्यांवरचं फडकं सरकलं होतं त्या दिवशी. ज्याने मारलं त्याला पुन्हा पाहिलं तर ओळखेल. "उंच होता. दारातून वाकून आत आला. मारायच्या आधी त्याने माझ्या पायावर बोटं ठेवून मोजलं, बाई. चार बोटं. शिंप्यासारखं."

गोदीत उंच माणसांची काय कमी.

३० जून

टिल्लू विचारत होता, तुझा तो पहिला पेशंट घरी कधी जाणार. बघ, त्यालाही आता आपलेपणा वाटतो. म्हटलं, गुरुवारी सकाळी, मागच्या फाटकाने, पुढे निदर्शनं असतात म्हणून; घरी गेला की पोलिसांना जबानी देणार. म्हणाला, "चालतो का नीट?" म्हटलं, "तुझ्यामाझ्यासारखा चालेल वर्षभरात."

धड जेवला नाही.

६ जुलै

डाव्या हाताने लिहितेय. उजवा मोडलाय. थोडंच लिहीन.

मागचं फाटक. तो कुबड्यांवर, बायकोकडे पिशवी, मी निरोपाला. गाडी आली, तिघं उतरले, तोंडं बांधलेली. एकाने तिच्या पोटात लाथ घातली. क्रेनवाल्याने कुबडी फिरवली, दुसऱ्याच्या तोंडावर बसली, फडकं सुटलं, दात पडलेले मी पाहिले. तिसरा उंच. पहार. डाव्या नडगीवर. आवाज आला. क्रेनवाला पडला. पुन्हा पहार उचलली, मी मध्ये हात घातला. माझं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, दुखलं मागाहून. मी त्याच्या मनगटाला चावले. सोडलं नाही. तोंडात रक्त आलं, त्याचं.

तो म्हणाला, "ताई, बाजूला हो ना."

हळूच म्हणाला. मग पळाले.

सिस्टर म्हणते, गुंडसुद्धा बाईमाणसाला ताई म्हणतात. हो. म्हणतात.

७ जुलै

सुतार एक्स-रे घेऊन माझ्या खाटेशी आले. क्रेनवाल्याचं हाड फुटलंय ते तुकड्याच्या वर, त्याच्या मूळच्या हाडात. माझा तुकडा शाबूत. "बघा, बाई! घाव बसला आणि टिकला! असला पुरावा कुणाला मिळत नाही!" मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली, खाटेवर बसून राहिले.

९ जुलै

घरी. टिल्लू भरवतो. केस विंचरून देतो, त्याला गुंता सोडवता येत नाही तरी. त्याच्या मनगटावर पट्टी आहे. कुत्रा चावला म्हणाला. इंजेक्शन घेतलंस का, विचारलं. हो म्हणाला.

पट्टी मी बदलते म्हटलं, एका हाताने का होईना. नको म्हणाला. मी ऐकलं नाही.

कुत्र्याला सुळे असतात. भोकं पडतात. ही खूण गोल होती, आणि वरच्या ओळीत एक दात आडवा. माझा पुढचा दात लहानपणापासून आडवा आहे.

मलम लावलं. पट्टी बांधली. गाठ त्यानेच मारली.

१० जुलै

काही लिहिलं नाही दिवसभर. भिंतीकडे बघत बसले. त्याने तीनदा विचारलं, दुखतंय का.

११ जुलै

आज मी टिल्लूशी खोटं बोलले. आयुष्यात पहिल्यांदा. आई मेली तेव्हासुद्धा खरंच सांगितलं होतं.

त्याने भाताचा घास माझ्या तोंडाशी धरून विचारलं, तो क्रेनवाला आता कुठे ठेवलाय. मी म्हटलं, तिसऱ्या मजल्यावर, टोकाची खोली, पहारा नाही, पोलिसांना सकाळी जबानी घ्यायचीय. मी घास चावला. गिळला.

मग फिरायला जाते म्हणून निघाले आणि इन्स्पेक्टरकडे गेले. सगळं सांगितलं. चार बोटंसुद्धा.

१२ जुलै

मी हट्टाने त्या खोलीत बसले. खाटेवर पांघरूण घेऊन एक शिपाई, दाराआड चौघे. इन्स्पेक्टर म्हणाला, बाई, तुम्ही कशाला. म्हटलं, तो मला बघून थांबेल.

थांबला नाही. वाकून आत आला, चादर ओढली, शिपायाला बघून पहार चालवली. शिपायाची बरगडी गेली. मग चौघे तुटून पडले. त्याने एकाचं डोकं भिंतीवर आपटलं, एकाचा कान चावून फाडला. लाठ्या चालू झाल्या, तो पडला, तरी चालूच राहिल्या. त्याचं नाक सपाट झालेलं मी पाहिलं. कोपऱ्यात मी उभी असलेली त्याने तेव्हा पाहिली. ओरडला, "ताई, सांग ना यांना!"

मी सांगितलं नाही. एकाने बूट त्याच्या घोट्यावर ठेवला आणि लाठी दोन्ही हातांनी वर नेली, तेव्हा माझा आवाज फुटला. "तिथे नको!" म्हणून मी किंचाळले आणि त्या शिपायाच्या अंगावर पडले, प्लास्टरसकट. थांबले मग.

इन्स्पेक्टरने विचारलं, "तुम्ही ओळखता याला?" कागदासाठी विचारावं लागतं म्हणाला.

"माझा भाऊ," म्हटलं.

२३ जुलै

आज कोठडीत भेटू दिलं. नाकाला पट्टी, एक डोळा मिटलेला. गजांतून हात बाहेर काढून माझं प्लास्टर चाचपलं त्याने. "हे मी मुद्दाम नाही केलं, ताई. तू मध्ये आलीस."

"आणि बाकीचे?"

"ते काम होतं."

"आणि खाली मारायचं? ते कुणी सांगितलं होतं?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी विसरतेय. "कुणी म्हणजे? मालकाला काय, पाय मोडला की झालं. तुला माणूस मिळत नव्हता ना. मी म्हटलं, मारायचंच आहे तर तुझ्या उपयोगाच्या जागी मारू. टाकायचो पण तुमच्याच फाटकाशी. दुसरं हॉस्पिटल गाळ्याला जवळ होतं, तरी."

मी प्लास्टर गजांपासून मागे घेतलं.

"वेल्डरचं मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "मरतं असं तू सांगितलंच नव्हतंस."

भेटीची वेळ संपायच्या आत मीच उठले. तो मागून म्हणाला, "ताई, पुढच्या वेळी ब्रेड आण, इथला शिळा असतो." मी हो म्हटलं. तोंडातून आपोआप निघालं.

तिथूनच इन्स्पेक्टरकडे गेले आणि म्हटलं, माझ्या जबानीत आणखी घाला, हे मी त्याला शिकवलं. तो म्हणाला, "कायद्याने याची गरज नाही, बाई." मी म्हटलं, "लिहा." लिहिलं.

२५ जुलै

सुतारांना सांगितलं. ते खूप वेळ हात धूत राहिले. परवानगी देणाऱ्या समितीने काम थांबवलंय. ज्यांची हाडं फोडून आणली त्यांच्यावरच प्रयोग, असं व्हायला नको होतं, असं म्हणतात. बरोबरच आहे. पण क्रेनवाल्याला वरच्या फुटीत तुकडा हवाच आहे, नाहीतर पाय आखूड राहील. त्याच्या एकट्यापुरती सूट देतील, त्याने आणि त्याच्या बायकोने लिहून दिलं तर. सगळं कळल्यावर.

सगळं कळवायचं काम माझंच. सुतार म्हणाले, मी सांगतो. मी नको म्हटलं.

२६ जुलै

दोघं ऐकत होती. मी उभ्यानेच सांगितलं. भाऊ, कंत्राटदार, ते जेवण, वर सारलेली पँट, चार बोटं, मिठाई. मिठाई सांगताना जीभ अडखळली, पण सांगितली. तुम्ही आलात त्या दिवशी मला आनंद झाला होता, हेही.

बायको उठली आणि तिने मला थोबाडीत मारली. पुन्हा मारली. मग पाण्याची स्टीलची बाटली उचलून प्लास्टरवर घातली. कळ थेट खांद्यापर्यंत गेली, डोळ्यांपुढे अंधार आला. तिसऱ्यांदा उचलली तेव्हा सिस्टरने धरली. ती सिस्टरच्या हातात झटत ओरडत होती, "तिला विचारा वेल्डरच्या बायकोला जाऊन सांगितलं का! विचारा तिला!"

नव्हतं सांगितलं. सांगेन.

क्रेनवाला छताकडे बघत होता. तसाच बघत म्हणाला, "तो तुकडा किती दिवसांत होतो?"

"तिच्या हातचं नको!" बायको म्हणाली.

"पाय माझा आहे."

"आणि तो धरून उभा कोण करणार? मीच ना? नको म्हटलं ना!"

मी बाहेर आले. आतून भांडणाचा आवाज येत होता, मग रडण्याचा, मग कशाचाच नाही.

२८ जुलै

वेल्डरच्या बायकोकडे जाऊन आले. तिने ऐकून घेतलं आणि दार लावलं. कपाळावरचे टाके निघालेत, खूण राहील.

परतले तर तळघराच्या पायरीवर क्रेनवाल्याची बायको बसली होती. सही केलेला कागद माझ्या हातात न देता टेबलावर ठेवला. "तुम्ही करायचं. पण मी इथे बसणार. तुम्ही काय काय घालता ते मी बघणार."

मी स्टूल दिलं. तिने ते माझ्या मापाने नाही, स्वतःच्या मापाने सरकवलं, माझ्या कोपराला लागेल इतकं जवळ.

एका हाताने काम अवघड आहे. बाटलीचं झाकण निघेना. तिने काढून दिलं, माझ्याकडे न बघता. धागे पाण्यात सोडले, क्षार घातला.

"हे काय?"

मी सांगितलं.

"आणि हे? एवढंसंच?"

ते प्रथिन होतं. माझ्याजवळचं काहीही कुणाला सांगायची भीती मला आज पहिल्यांदा वाटली. तिच्या हातांकडे पाहिलं. मग तेही सांगितलं, सगळं, ते काय करतं, किती घालायचं, जास्त झालं तर काय बिघडतं.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली. "सावकाश."